झाकण्याची वेळ दहा ते एक

रेघमामांना पट्टी लागत नसे. ब्रश काळ्या शाईत बुडवायचा, बाटलीच्या काठावर निथळायचा, श्वास रोखायचा आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचा. रेघ सूत लावल्यासारखी सरळ. वीस वर्षं त्यांनी भूमापन कचेरीत नकाशे काढले होते. लढाई सुरू झाली तशी सरकारने नकाशे काढणं बंद केलं, होते तेही कुलपात टाकले, आणि रेघा मारणारा एवढा चांगला माणूस रिकामा बसलाय हे कुणाच्या तरी लक्षात येऊन त्यांची बदली पत्रतपासणी कक्षात झाली. आघाडीवरून पोरं घरी जी पत्रं लिहीत ती इथे वाचली जात, आणि नको तो मजकूर काळा करून पुढे जात. मामा एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत आले, पण हाताला काही फरक जाणवला नाही.

कक्ष टपाल कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. पूर्वी तिथे बेवारशी पार्सलं ठेवत, त्याचा कोंदट वास अजून होता. सहा टेबलं, सहा तपासनीस, आणि फक्त मेजरसाहेबांवर वारा घालणारा एक पंखा. मेजरसाहेब निवृत्त होऊन घरी कुंड्यांना पाणी घालत असत, त्यांना सरकारने पुन्हा बोलावून आणलं होतं. भिंतीवर अकरा नियमांचा तक्ता. पहिले आठ नियम लहान मुलालाही कळावेत असे: गावाचं नाव नको, तुकडीचा नंबर नको, पूल, नदी, रस्ता, तोफा, तारीख, संख्या नको. नववा मात्र मोठा दिलदार. ‘मनोबलास बाधा येईल असा कोणताही मजकूर.’ त्यात काय वाटेल ते बसे. तंबू गळतो, बसवा. आमटी पातळ आहे, बसवा. एका पोराने लिहिलं होतं, ‘आई, तुझी फार आठवण येते.’ मामा तो कागद घेऊन मेजरसाहेबांकडे गेले. साहेबांनी पाच मिनिटं विचार केला. म्हणाले, “आठवण राहू द्या. ‘फार’ तेवढं काढा.”

हसायला येतं, पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हेही सांगायला हवं. लढाईच्या पहिल्याच महिन्यात एका वर्तमानपत्राने पोरांचा फोटो छापला. हसरी पोरं, गळ्यात गळे, आणि मागे पाण्याची उंच टाकी. तशी टाकी त्या भागात एकच. तिसऱ्या दिवशी त्या टाकीच्या पायथ्याशी नऊ पोरं गेली. तो फोटो मामांनी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. कुणी त्यांच्या कामाला नावं ठेवली की ते काचेवर बोट टेकवत, आणि समोरचा गप्प होई. मामांचा आपल्या कामावर विश्वास होता तो असा, आणि तो खोटा नव्हता.

पण लोकांच्या तोंडाला काळी शाई लावता येत नाही. पत्रात अर्धं पान काळं असलं की घरचे उरलेलं अर्धं मनाने लिहीत, आणि माणूस मनाने कधी बरं लिहीत नाही. अफवा इतक्या झाल्या की शेवटी मंत्र्यांना भाषण करावं लागलं. “आमच्याकडे लपवण्यासारखं काहीही नाही,” असं त्या भाषणात होतं. ते आधी तपासणीला मामांकडेच आलं होतं, आणि त्यांनी त्यातल्या चार ओळी काळ्या केल्या होत्या.

भाषणात घोषणा अशी झाली की आता ‘खुला कक्ष’ सुरू होणार. कुणीही यावं, अर्ज करावा, माहिती न्यावी. घोषणा झाली पण माणसं कुठून आणणार? जागा तरी कुठून आणणार? मग वरून तोड निघाली. कक्ष तोच, खिडकी तीच, आणि माणूसही तोच. सकाळी दहा ते एक पत्रतपासणी, मग जेवणाची सुट्टी, दोन ते पाच खुलेपणा. मामांनी स्वतःच्या हाताने दुहेरी पाटी रंगवली. एका बाजूला ‘आत येऊ नये’, दुसऱ्या बाजूला ‘आपले स्वागत आहे’. जेवणाचा डबा धुऊन आले की मामा पाटी उलटी करत आणि शर्टाचं वरचं बटण सोडत, म्हणजे खुलं वाटावं.

खुल्या कक्षाला तीन छापील उत्तरं दिली होती. पहिलं: माहिती उपलब्ध नाही. दुसरं: माहिती उपलब्ध आहे, परंतु देता येत नाही. तिसरं: आपला अर्ज योग्य त्या कक्षाकडे पाठवला आहे. योग्य तो कक्ष म्हणजे सकाळचे मामा. दुपारी मामा अर्ज घेत, शिक्का मारत आणि टेबलाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात टाकत. सकाळी तोच अर्ज डाव्या कप्प्यातून काढून गंभीर चेहऱ्याने नामंजूर करत. एकदा सकाळच्या मामांकडून उत्तर यायला उशीर झाला, तर दुपारच्या मामांनी त्यांना रीतसर स्मरणपत्र धाडलं. त्याची पोचही मिळाली. आता याला कुणी वेडेपणा म्हणेल, पण फाईल बघायला या, सगळं जिथल्या तिथे आहे.

आणि दर शुक्रवारी मनोबल अहवाल. छापील कागदावर तीन शब्द असत: उत्तम, बरे, चिंताजनक. लागू नसतील ते खोडायचे. मामा आठ आठवडे शेवटचे दोन खोडत आले होते. पत्रांत काय येतं ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ‘उत्तम’ लिहिलं की मेजरसाहेब शुक्रवारी लवकर घरी जात, आणि त्यांच्यामागोमाग सगळा कक्ष.

एका सोमवारी सकाळी मामांनी गठ्ठ्यातलं एक पत्र उघडलं आणि अक्षर पाहूनच ओळखलं. ते अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं. भाच्याचं पत्र होतं, धाकट्या बहिणीच्या मुलाचं. मामा इथे बसतात हे भाच्याला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर ही बदली झाली, आणि असलं काही पत्रातून कळवणं नियमात बसत नव्हतं. नातेवाइकाचं पत्र आलं तर ते शेजारच्या टेबलावर द्यायचं, हा अकरावा नियम. शेजारच्या टेबलावर चष्मेवाल्या बाई बसत. त्यांच्या रेघा म्हणजे कोंबडीने पाय पुसावेत तशा. माझ्या भाच्याच्या पत्रावर हे असले ओरखडे? मामांना ते पटेना, आणि पत्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलं.

पहिल्या तीन ओळी नेहमीच्या. बरा आहे, काळजी करू नकोस. मग लिहिलं होतं: ‘पाण्यात टाकायचं औषध मुदत संपलेलं आलंय. अर्धी तुकडी पोट धरून पडली आहे. जाड्या पाच दिवस उठलेला नाही. आमच्या साहेबांनी तीनदा वर लिहिलं, उत्तर नाही. आई, हे तुला वाचायला मिळणार नाही, मला माहीत आहे. पण पत्र तपासणारा शेवटपर्यंत वाचतो, त्याला पगारच त्याचा असतो. साहेब, जे कुणी असाल ते, वर सांगा.’

मामांनी ते दोनदा वाचलं. भाचा त्यांना साहेब म्हणाला होता. मग त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. अर्धी तुकडी म्हणजे संख्या, नियम आठ. बाकी सगळं नियम नऊ. ब्रश निथळला, श्वास रोखला. सहा ओळी, सहा रेघा. कबूल करायला लाज वाटते, पण रेघा झाल्यावर मामांनी कागद लांब धरून एकदा पाहिलाही, कशा जमल्यात ते.

मंगळवारी संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. बहीण घरीच शिवणकाम करायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने मशीन थांबवलं, पत्र पुढे केलं आणि म्हणाली, “दादा, काय लिहिलं होतं इथे?”

“मला काय माहीत? सहा जण आहोत आम्ही तिथे.”

“पट्टी न लावता इतकी सरळ रेघ त्या सहांत कोण मारतो?”

मामा पाणी प्यायले. चोरी पकडली गेली होती, आणि तीही कौतुकाने.

“सांगता येत नाही गं. जिवंत आहे, एवढं पुरे ना?”

“पत्र लिहिलं तेव्हा होता,” बहीण म्हणाली. “त्याला तेरा दिवस झाले. तुझ्या तोंडाला कुलूप आहे ते समजलं. पण तू वाचलंस आणि गिळलंस, मला मात्र आता झोप नाही. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, दादा.”

बुधवारी दुपारी पाटी उलटली तेव्हा रांगेत तिसरी बहीणच उभी. खिडकीशी आल्यावर तिने ओळख दाखवली नाही. “साहेब, माझा अर्ज आहे. मुलाच्या पत्रातल्या ओळ चार ते नऊ कळाव्यात.” मामांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, तिसरं उत्तर दिलं. शिक्का सरळ बसला.

तिच्या मागे शाळेतली शिपाईबाई होती. भाचा ज्या शाळेत शिकला तिथे तीच घंटा वाजवायची. कामावरून तशीच आलेली, पदराला खडूची पूड. “आमचा जाड्या,” ती म्हणाली, “खरं नाव अर्जात आहे. दर आठवड्याला लिहितो, यावेळी पत्रच नाही. बरा आहे ना, साहेब?”

पाच दिवस उठलेला नाही, हे मामांच्या जिभेपर्यंत आलं. मग काचेखालच्या फोटोवर नजर गेली आणि जीभ मागे फिरली. त्यांनी दुसऱ्या उत्तराच्या गठ्ठ्यातला कागद काढून दिला. शिपाईबाईने तो बोट फिरवत वाचला. माहिती उपलब्ध आहे, परंतु देता येत नाही. तिचा चेहरा खुलला. “उपलब्ध आहे ना? मग झालं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या खिडकीवरून एखादं माणूस आभार मानून गेलं.

त्या रात्री मामा जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी डाव्या कप्प्यातून बहिणीचा अर्ज निघाला. तो तसाच हातात घेऊन ते मेजरसाहेबांसमोर उभे राहिले आणि भाच्याच्या पत्रात काय होतं ते सांगितलं.

मेजरसाहेबांनी दार लावलं. “हे बाहेर पडलं तर काय होईल, कळतं ना? अर्धी तुकडी आजारी, म्हणजे अर्धाच मोर्चा. समोरचे उद्या चालून येतील. टाकी विसरलात का?”

“बाहेर नको, साहेब. वर कळवू.”

“वर तुमचाच अहवाल जातो, मामा. आठ आठवडे तुम्ही ‘उत्तम’ म्हणताय. मी डोळे मिटून सही करतो, एवढा तुमच्यावर विश्वास.”

“मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत होतो.”

“आणि मी वरच्यांना. वरचे मंत्र्यांना. आता मध्येच ‘चिंताजनक’ लिहिलंत तर आधीचे आठ आठवडे खोटं कोण बोललं, हे विचारतील की नाही?”

साहेबांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं, हाच तर घोळ होता. इकडे आड तिकडे विहीर. सांगितलं तर शत्रू मारणार, न सांगितलं तर पाणी. पण एक गोष्ट मामांच्या डोक्यातून जाईना. औषधाची मुदत संपलीय हे शत्रूला कळून तो काय करणार होता? ते फक्त ज्यांनी औषध पाठवायचं त्यांनाच माहीत नव्हतं, आणि ज्यांची पोरं ते पीत होती त्यांना.

शुक्रवारी त्यांनी अहवालाचा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘उत्तम’ खोडलं. ‘बरे’ खोडलं. खाली तुकडीचा नंबर, ठिकाण, आजाऱ्यांची संख्या, औषध, सगळं पानभर लिहिलं. मेजरसाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. त्यांनी डोळे मिटून सही केली.

सोमवारी अहवाल परत आला. औषध पाठवलं का, कुणी चौकशी केली का, त्याचा पत्ता नाही. सोबत चिठ्ठी होती: ‘सदर अहवालात नियम एक, दोन, चार, सात, आठ व नऊ अन्वये आक्षेपार्ह मजकूर आढळला. आवश्यक तेथे काळा करून परत पाठवावा.’ म्हणजे मामांनी लिहिलेलं मामांनीच पुसायचं. वरच्यांनी कागद वाचला होता, नियम मोजले होते आणि पोरं तशीच सोडली होती. मामांना इतका संताप आला की त्यांनी बाटलीचं झाकण भिंतीवर फेकलं. चष्मेवाल्या बाई दचकल्या.

मग ते खाली बसले आणि त्यांनी ब्रश उचलला. तुकडीचा नंबर काळा केला. ठिकाण काळं केलं. नदीचं नाव, तारीख, आजाऱ्यांचा आकडा, तुकडीच्या साहेबाचं नाव, सगळं एकेक करून बुजवलं. टाकीच्या पायथ्याची नऊ पोरं त्यांना आठवत होती, आणि रेघेबाहेर ठिपका जाणार नाही याची त्यांनी इतकी काळजी कधी घेतली नव्हती. उरलं ते एवढंच: आमच्या पोरांना मुदत संपलेलं औषध दिलं जातंय, ती त्याने आजारी पडतायत, तीनदा लिहूनही कुणी ऐकलं नाही. तिथे नववा नियम लागत होता. मामांनी तो लावला नाही.

दोन वाजता पाटी उलटली. बहीण रोज येतच होती. मामांनी तो कागद तिच्या अर्जाला टाचला, त्यावर ‘जनतेसाठी खुले’ असा शिक्का मारला आणि खिडकीतून दिला. “हे घ्या,” ते म्हणाले. “नियमाने मिळालंय. कुणी विचारलं तर शिक्का दाखवा.”

पुढचं सगळं भराभर झालं. बहिणीने गल्लीतल्या चार बायका घेतल्या आणि मंत्र्यांचं दार गाठलं. शिक्का सरकारी, सही मेजरची, मंत्र्यांना नाकारता येईना. संध्याकाळपर्यंत ही खुल्या कक्षाची पहिलीच कामगिरी असल्याचं मंत्र्यांनी स्वतः जाहीर केलं. बुधवारी नवं औषध आघाडीवर पोचलं. शत्रूला एवढंच कळलं की कुठेतरी कुणाची तरी पोटं बिघडलीत, आणि तशी ती त्यांच्याकडेही बिघडलेली असणार. कुणी चालून आलं नाही. मेजरसाहेबांना शाबासकी मिळाली. मामांना एक अभिनंदनपत्र आलं आणि खुलासा मागणारी एक नोटीस आली. दोन्ही एकाच पाकिटात होती, खाली सही एकाच अधिकाऱ्याची.

भाच्याचं पत्र आलं. आता उठून बसतो, भात जातो, असं होतं. बहीण पत्र घेऊन मामांच्या घरी आली, हसली, रडली, आणि जाताना दाराशी थांबून म्हणाली, “जाड्या शनिवारी गेला, दादा. तू कागद दिलास त्याच्या दोन दिवस आधी. त्याच्या आईला सरकारी पत्र आलंय, पण कशाने गेला ते तिला अजून माहीत नाही.”

शिपाईबाई चार दिवसांनी आली. हातात सरकारी पत्र, ‘कर्तव्य बजावत असताना’ एवढंच लिहिलेलं. रांगेत तिच्यापुढे सात माणसं होती. मामांनी तिला पाहिलं आणि त्या सात माणसांची कामं अगदी सावकाश केली. पुढे बोलवावं एवढी हिंमत त्यांच्यात नव्हती.

“साहेब,” ती खिडकीशी येऊन म्हणाली, “मागे तुम्ही लिहून दिलं होतं, माहिती आहे पण देता येत नाही. आता तो राहिलाच नाही. आता देता येते का?”

तिन्ही गठ्ठे समोर होते. मामांनी ते बाजूला सारले.

“पाण्याने गेला,” ते म्हणाले. “औषध जुनं होतं. पत्रात आलं होतं, पाच दिवस उठला नाही म्हणून.”

“पत्र कधी आलं?”

“सोमवारी. तुम्ही इथे आलात त्याच्या दोन दिवस आधी.”

“कुणी वाचलं?”

“मी.”

शिपाईबाई ओरडली नाही. ओरडली असती तर मामांना बरं वाटलं असतं. तिने बोटांवर दिवस मोजले, सोमवार ते शनिवार, आणि सहाव्या बोटाशी थांबली. “लिहून द्या,” ती म्हणाली. “हे तुमचे छापील नकोत. तुमच्या हाताने लिहा.”

मामांनी कोरा कागद घेतला. कोणत्या वारी काय कळलं, कुणाला कळलं, तिने विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं, सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव घालून सही केली. रांगेतली माणसं चुळबुळत होती. शिपाईबाईने कागद घेतला आणि तिथेच उभी राहून, शब्दाखाली बोट धरून, शेवटपर्यंत वाचला.

“सोमवारी सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर औषध घेऊन मी चालत गेले असते.”